चांदरच्या रुळांवर बसलेले दहशतवादी

फोंडा तालुक्यातल्या एका सभागृहात परवा वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय होता, ‘आंदोलक विद्यार्थ्यांवर दहशतवादविरोधी कायदा लावणे समर्थनीय आहे.’ पोरे तयारीने आली होती. बाजूने बोलणाऱ्या एका मुलाने तळहातावर निळ्या पेनने ‘५३’ असे मोठ्या आकड्यांत लिहून आणले होते. २०२०च्या दिल्ली दंगलीत गेलेल्या माणसांचा तो आकडा. हात वर करून त्याने तो सभागृहाला दाखवला, टाळ्या पडल्या. विरोधात बोलणाऱ्या मुलीने भगतसिंगांपासून सुरुवात केली आणि शेवटची घंटा होईपर्यंत ती गांधीजींपाशी येऊन पोचली. तिलाही टाळ्या पडल्या. गुणपत्रिकेवर ‘मुद्देसूदपणा’ असा एक रकाना असतो, त्यात काय लिहावे ते मला दोघांच्याही बाबतीत सुचेना. दोघेही मन लावून एकाच प्रश्नाचे उत्तर देत होते आणि तो प्रश्न स्पर्धेचा नव्हताच: ही पोरे देशभक्त की देशद्रोही?

मोठ्यांची चर्चा तरी कुठे वेगळी असते? उमर खालिद हा जेएनयूत शिकलेला, दिल्ली दंगलीच्या कटाचा आरोप असलेला तरुण. त्याचे नाव निघाले की पंगतीत दोन तट पडतात. एक तट त्याला फासावर चढवून मोकळा होतो, दुसरा हार घालून. खटल्याची कुणाला गरजच वाटत नाही. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आंदोलनात कुणी माणूस मारला, जाळपोळ केली, तशी चिथावणी दिली, तर त्याला साध्या फौजदारी कायद्याने शिक्षा व्हावी आणि ती कडक व्हावी. पण मोर्चा, भाषण, रस्ता रोको यांना दहशतवादाच्या कलमाखाली आणू नये, आणि ज्या आरोपीवर हत्यार किंवा स्फोटक बाळगल्याचाही आरोप नाही त्याचा जामीन या कायद्याने अडवू नये. हे मी ती पोरे निष्पाप आहेत म्हणून म्हणत नाही. ती निष्पाप आहेत की नाहीत हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. आणि हा कायदा ते वर्षानुवर्षे कुणालाच कळू देत नाही, ही माझी तक्रार आहे.

कायद्याची रचना थोडी पाहावी लागेल, कारण सगळे तिथेच अडले आहे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे यूएपीए, १९६७चा. आधी तो मुख्यतः संघटनांवर बंदी घालण्यापुरता होता. दहशतवादी कृत्याचे प्रकरण त्यात २००४ साली आले, पोटा हा आधीचा दहशतवादविरोधी कायदा रद्द करताना. जामिनाचा फास आवळला गेला डिसेंबर २००८मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत. देश हादरलेला होता. तेव्हा कलमांचा कीस काढत बसणे कुणालाही अवघडच गेले असते. तेव्हाच्या ४३-ड या कलमाने आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. एरवी खुनाच्या गुन्ह्यालाही ती ९० दिवसांची असते. त्याच कलमाचे पाचवे पोटकलम सांगते की आरोप ‘प्रथमदर्शनी खरा’ मानायला वाजवी कारण दिसत असेल तर न्यायालयाने जामीन द्यायचा नाही. आणि २०१९च्या एप्रिलमध्ये वटाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करत बसायचे नाही. तपास यंत्रणेने मांडलेले साहित्य आहे तसे धरून एकूण चित्र पाहायचे. आमच्या गोव्याच्या भाषेत सांगायचे तर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, वहीवरून मुंडकाराचा, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा, हिशेब. वहीत खाडाखोड आहे का, हे पुढे कधीतरी, खटला उभा राहील तेव्हा बघू. मुंडकार तोवर आत.

‘तोवर’ म्हणजे किती? सरकारने राज्यसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१६ ते २०१९ या चार वर्षांत या कायद्याखाली ५,९२२ जणांना अटक झाली आणि १३२ जणांवर दोष सिद्ध झाला. हा आकडा विरोधक फार सैलपणे वापरतात. बाकीचे सगळे निर्दोष होते असा त्याचा अर्थ होत नाही. बहुतेक खटले तेव्हा चालूच होते. पण चालूच होते, यातच तर सारे आले. टिळकांच्या महाराष्ट्रात आणि त्याच भाषेच्या गोव्यात जामिनाची एक गोष्ट सर्वांना पाठ असायला हवी होती, ती नाही. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. रँडच्या खुनानंतरचे ते दिवस, आणि ‘केसरी’तल्या मजकुराने माथी भडकली असा सरकारचा दावा. आधी जामीन नाकारला गेला. मग अर्ज न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी तो मंजूर केला. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, हे पाहायचे. महिनाभर आत ठेवून मग तो निर्दोष ठरला तर काय, असा तो विचार होता. परक्या सरकारचे न्यायालय, राणीच्या राज्याविरुद्धचा गुन्हा, आणि काळजी महिन्याभराची! पुढे टिळकांना शिक्षा झालीच. १९०८ साली तर जामीनही मिळाला नाही, आणि तो नाकारणारे न्यायमूर्ती दावर हे १८९७मध्ये टिळकांच्याच जामिनासाठी उभे राहिलेले वकील. तेव्हा वसाहतीच्या न्यायाचे गोडवे मी गात नाही. पण जामीन द्यायचा की नाही हे ठरवण्याची जी मोकळीक तय्यबजींपाशी होती, ती आजच्या विशेष न्यायाधीशापाशी किती उरली आहे?

आता समोरच्याची सर्वांत जड बाजू. त्या मुलाच्या तळहातावरचा आकडा खोटा नव्हता. फेब्रुवारी २०२०मध्ये ईशान्य दिल्लीत ५३ माणसे मेली, बहुसंख्य मुसलमान, अनेक हिंदू. हेड कॉन्स्टेबल रतन लाल आणि गुप्तवार्ता विभागाचे अंकित शर्मा हे दोघे सरकारी सेवक त्यांत होते. हे आपोआप घडले, त्यामागे कुणाची आखणी नव्हती, असे मी छातीठोक सांगू शकत नाही. शिकलेली, गोड बोलणारी माणसे कट करत नाहीत हाही भाबडेपणाच. मग अशा कटाला कडक कायदा नको? हवा. पण साध्या कायद्यात खुनाला फाशी आहे, खुनाच्या कटालाही तीच शिक्षा आहे. या दंगलीचे साडेसातशेहून अधिक गुन्हे नोंदले गेले आणि त्यांतले जवळजवळ सगळे दंड संहितेखालीच चालले आहेत. दुकान जाळणारा, माणूस भोसकणारा तिथेच उभा राहिला. फाशीहून मोठी शिक्षा यूएपीएतही नाही. म्हणजे कट रचल्याचा आरोप असलेल्या विद्यार्थ्याला हा कायदा लावून पोलिसांना साध्या कायद्याहून जास्त काय मिळाले? शिक्षेआधीचा काळ मिळाला. तो हवा तेवढा लांबवता येतो आणि त्यासाठी काहीही सिद्ध करावे लागत नाही.

नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या आंदोलनाआडून दंगलीचा कट रचला, असा आरोप असलेल्या याच एका प्रकरणात काय घडले ते पाहा. सफूरा झरगर गरोदर होती. एप्रिलमध्ये पकडलेली ती जूनमध्ये, सरकारी वकिलांनी माणुसकीच्या नात्याने विरोध सोडला म्हणून सुटली. नताशा नरवाल, देवांगना कलिता आणि आसिफ इक्बाल तन्हा यांना दिल्ली उच्च न्यायालयाने १५ जून २०२१ रोजी जामीन दिला. निषेधाचा हक्क आणि दहशतवादी कृत्य यांच्यातली रेघ राज्यसंस्थेच्या मनात पुसट होत चालली आहे, अशा अर्थाचे त्या निकालात म्हटले आहे. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामीन राहू द्या, पण हा निकाल दाखला म्हणून कुणी वापरायचा नाही. नताशाचे वडील महिनाभर आधी करोनाने गेले होते. तिला जामीन मिळाला होता तो अंत्यसंस्कारापुरता. पुढे जानेवारी २०२६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पाच जणांना सोडले; उमर खालिद आणि शर्जील इमाम यांना, त्यांची भूमिका इतरांहून वेगळी दिसते म्हणून, सोडले नाही. एक दंगल, एक प्राथमिकी, एकाच कटाची कथा. कुणी दोन-अडीच महिने, कुणी वर्षभर, कुणी साडेपाच वर्षे आत, कुणी अजून आत. आणि न्यायनिवाडा म्हणाल तर एकाचाही नाही. ‘न्यायालयानेच जामीन नाकारला, तेव्हा काहीतरी असणारच,’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की ज्या पाच जणांना पाच वर्षांनंतर जामीन मिळाला, त्यांच्या बाबतीत ते ‘काहीतरी’ कुठे गेले? पुरावा बदलला नव्हता. कॅलेंडर बदलले होते.

माझ्या दादाला हे पटत नाही. चवथीला सगळे घरी जमलो होतो तेव्हा यावरून नेवऱ्यांच्या ताटलीवर चांगलीच जुंपली. दादाचे मत जड आहे, कारण तो स्वतः विद्यार्थी आंदोलनात तुरुंग पाहून आलेला माणूस आहे. १९७८-७९ची अर्ध्या तिकिटाची चळवळ. विद्यार्थ्यांना बसभाड्यात निम्मी सवलत हवी होती; शशिकला काकोडकरांच्या सरकारचे अखेरचे दिवस. कदंब महामंडळ अजून जन्मले नव्हते, सगळ्या बसगाड्या खाजगी. दादा पणजीला कॉलेजात होता, मी शाळेत. एका दुपारी पोरांनी बस अडवल्या, कुणीतरी दगड मारला, काच फुटली, पोलिसांनी हाताला लागतील तेवढ्यांना गाडीत घातले. त्यांत दादा. दगड कुणी मारला हे विचारले तर तो आजही हसतो, सांगत नाही. रात्रभर कोठडीत. सकाळी आई पेजेचा डबा आणि वर तोराच्या लोणच्याची फोड घेऊन निघाली. बस बंद, म्हणून शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून, डबा मांडीवर घट्ट धरून गेली. फौजदाराने तिला ऐकवले, ‘‘बाई, पोराला शिकायला पाठवता की दगड मारायला?’’ आईने डबा पुढे केला आणि म्हणाली, ‘‘गरम आहे तोवर द्या त्याला.’’ दुपारी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले, जातमुचलक्यावर सोडले. पुढे वर्ष-दीड वर्ष तारखा पडल्या आणि खटला मेला. सवलत मिळाली. दादाने बँकेत नोकरी केली, आता निवृत्त आहे, आणि त्याच्या मते जेएनयूतल्या पोरांना आत टाकले ते बरेच झाले.

‘‘अरे, आम्ही तिकिटासाठी भांडत होतो. हे देश तोडायला निघालेत,’’ दादा म्हणाला. या वाक्याला टाळता येत नाही. हेतूचा फरक खराच असतो आणि कायद्यालाही तो कळतो. यूएपीएच्या कलम १५मध्ये नुसते कृत्य पुरत नाही. देशाची एकता, अखंडता, सुरक्षा, सार्वभौमत्व धोक्यात आणण्याचा किंवा लोकांत दहशत पसरवण्याचा हेतू, किंवा तशी शक्यता, लागते. म्हणजे कायदा बरोबर, दादाही बरोबर? पण दादा, हेतू ठरवायचा कुणी आणि कधी? खटल्याच्या शेवटी न्यायाधीशाने ठरवायचा असतो. इथे तो सुरुवातीलाच पोलिसांच्या कागदावरून ठरतो आणि जामीन बंद होतो. शिवाय ‘शक्यता’ हा शब्द त्या कलमातच बसलेला आहे, तेव्हा हेतू नव्हता म्हणूनही भागत नाही. आणि त्या यादीत २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक शब्द आला: ‘आर्थिक सुरक्षा’. कृत्यांच्या यादीत बॉम्ब आहे, बंदूक आहे, विष आहे, आणि त्यापुढे आहे ‘अन्य कोणत्याही साधनाने’. परिणामांच्या यादीत मृत्यू आहे, आणि ‘लोकजीवनाला आवश्यक पुरवठा व सेवा विस्कळीत करणे’ही आहे. दिल्लीच्या खटल्यात पोलिसांचा भर याच शब्दांवर आहे. चक्का जाम हेच साधन, असे त्यांचे म्हणणे.

ही व्याख्या हातात घेऊन दक्षिण गोव्यातल्या चांदरला चला. १ नोव्हेंबर २०२०ची रात्र. कोळशासाठी होणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध हजारो माणसे फाटकापाशी जमली, रुळांवर बसली, गाणी म्हणत आणि घोषणा देत पहाटेपर्यंत बसून राहिली. त्यांत कॉलेजची पोरे भरपूर. माझा भाचा त्यांतला, घरी न सांगता गेलेला. सकाळी त्याच्या पँटला रुळांवरचे वंगण लागले होते त्यावरून बहिणीला कळले. काही आंदोलकांवर पोलिसांनी गुन्हाही नोंदवला, साध्या कायद्याखाली. तेव्हा कुणाला दहशतवाद आठवला नाही, ही चांगलीच गोष्ट. पण का आठवला नाही? रेल्वे ही आवश्यक सेवा नाही? मुरगाव बंदरातून कोळसा हलतो त्यावर कारखाने चालतात, मग तो ‘आर्थिक सुरक्षे’त बसत नाही? काम रोखणे हा तर आंदोलकांचा जाहीर हेतूच होता, ते माइकवरून सांगत होते. पूर्वतयारीच्या बैठका झाल्या होत्या, व्हॉट्सअॅपचे गट होते, पैसे गोळा केले होते. दिल्लीच्या आरोपपत्रात बैठका, व्हॉट्सअॅप गट आणि पैसा यांनाच कटाचे धागे म्हटले आहे. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यातून जाणाऱ्या त्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. चांदरची माणसे बरोबर निघाली. ती चुकीची निघाली असती तरी दहशतवादी ठरली नसती, हे कुठल्या कलमाने सांगता येईल? माझ्या मते कुठल्याच नाही. पोलिसांना तसे वाटले नाही, एवढाच आधार.

चांदरला रक्त सांडले नव्हते, म्हणून हे उदाहरण सोपे आहे असे कुणी म्हणेल. मग अवघड उदाहरण घेऊ. केरीच्या नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्धचे आंदोलन शांततेचे होते असे फोंड्याचा कुणी जाणता माणूस म्हणणार नाही. जानेवारी १९९५मध्ये नीलेश नाईक हा तरुण पोलिसांच्या गोळीने गेला, त्यानंतर जमाव आवरला नाही, प्रकल्पाच्या मालमत्तेची नासधूस झाली, आणि कंपनी शेवटी तामिळनाडूला गेली. सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावलीला आयआयटी नको म्हणून जानेवारी २०२१मध्ये लाठ्या, दगड, अश्रुधूर सगळे झाले, पोलिसही जखमी झाले. पंधरवडा उलटायच्या आत सरकारने जागा सोडली. या दोन्ही ठिकाणी कायदा मोडला गेला. ज्याने पोलिसाचे डोके फोडले त्याला शिक्षा झाली तर माझी हरकत नाही. पण मेळावलीची ती बाई, जी जमीन वाचवायला पोलिसांच्या रांगेपुढे आडवी झाली, तिच्यावर आपल्यापैकी किती जण ‘दहशतवादी’ हा शब्द उच्चारतील? उच्चारणार नाही, कारण ती आपल्या ओळखीची आहे. तिची भाषा आपली, तिच्या कपाळावरचे कुंकू आपले. शाहीनबागेतली म्हातारी ओळखीची नव्हती. दादाच्या ‘आम्ही’ आणि ‘हे’ यांत मला हीच रेघ दिसते, आणि ती कायद्याची नाही.

ही रेघ कशी फसवते ते गोव्याला तरी सांगावे लागू नये. १७ फेब्रुवारी १९५४ रोजी म्हापशातल्या एका मेजवानीत कुणी वक्ता गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचे बोलला. तिथे बसलेले शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे म्हणाले, ‘एऊ प्रोतेश्तु’. मी निषेध करतो. दोन शब्द. त्यासाठी त्यांना पकडून पोर्तुगालला नेले. दुसरीकडे मोहन रानडे. आझाद गोमंतक दलाचे सशस्त्र क्रांतिकारक. ऑक्टोबर १९५५मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला करताना गोळी लागून जखमी झाले, पकडले गेले, आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे झाली तरी पोर्तुगालच्या तुरुंगात होते. १९६९ साली सुटले. आपल्याला दोघेही वंदनीय. पण क्षणभर सालाझारच्या खुर्चीवर बसून पाहा. एकाने बंदूक उचलली होती, एकाने मेजवानीत तोंड उघडले होते. कुठल्याही शहाण्या राजवटीने या दोघांत फरक केला असता. त्या राजवटीला तो दिसला नाही, आणि दोघेही समुद्रापलीकडे गेले. बंदूक आणि वाक्य यांत फरक न करणारा कायदा राज्य बळकट करतो असे मानणाऱ्यांनी पुढच्या सात वर्षांत पोर्तुगिजांचे इथे काय झाले तेही वाचावे.

इथे कुणी म्हणेल, भारताची तुलना सालाझारशी करता? नाही करत. तिथे निवडणूक नव्हती, स्वतंत्र न्यायालय नव्हते, हा लेख लिहून मी घरी झोपू शकलो नसतो. पिडे या त्यांच्या गुप्त पोलिसांना आरोप न ठेवता माणसाला सहा महिन्यांपर्यंत डांबता येई; आपल्याकडचे १८० दिवसही तेवढेच भरतात, पण आपल्याकडे त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. फरक मोठा आहे. तो मोठा आहे म्हणूनच ते दिवस मोजताना आपल्याला थोडे ओशाळे वाटायला हवे. शब्दांचेच घ्या. अमरावतीत १७ फेब्रुवारी २०२० रोजी उमर खालिदने भाषण केले. ऑक्टोबर २०२२मध्ये त्याचा जामीन नाकारताना दिल्ली उच्च न्यायालयाने ‘इन्किलाब’ या शब्दाची चर्चा केली आणि क्रांती नेहमी रक्तहीनच असते असे नाही, असे नोंदवले. आपण १८ जूनला लोहियांच्या मडगावातल्या सभेची आठवण म्हणून सरकारी इतमामाने क्रांतिदिन साजरा करतो. मुख्यमंत्री पुष्पचक्र वाहतात, शाळेतली मुले ‘क्रांती’वर निबंध लिहितात. रक्तहीन की कसे, ते कुणी विचारत नाही.

‘पण हा कायदा तर सगळ्यांनीच वापरला,’ हा दादाचा शेवटचा मुद्दा होता आणि तो त्याने विजयी मुद्रेने टाकला. मान्य. २००८ची दुरुस्ती काँग्रेसच्या सरकारची. नोव्हेंबर २०१९मध्ये कोझिकोडला अॅलन शुहैब आणि ताहा फसल या दोन विद्यार्थ्यांना माओवादी साहित्य सापडले म्हणून याच कायद्याखाली पकडले ते डाव्या आघाडीच्या सरकारच्या पोलिसांनी, आणि पोरे मार्क्सवादी पक्षाचीच होती! सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये ताहाला जामीन दिला आणि अॅलनचा कायम ठेवला तेव्हा म्हटले, नुसत्या संबंधाने किंवा पाठिंब्याने हे कलम लागत नाही. आणि गोव्यातले उदाहरण तर उजव्या बाजूचे आहे. १६ ऑक्टोबर २००९, दिवाळीच्या आदल्या रात्री, नरकासुराच्या धामधुमीत मडगावात स्कूटरवरून नेताना बॉम्ब फुटला, नेणारे दोघे मेले. सनातन संस्थेशी संबंधित म्हणून सहा जणांवर एनआयएने, म्हणजे राष्ट्रीय तपास यंत्रणेने, खटला भरला. इथे खरा बॉम्ब होता, खरे मृत्यू होते. दहशतवादविरोधी कायदा लावायचा तर अशाच ठिकाणी, हे मी आजही म्हणेन. तरी डिसेंबर २०१३मध्ये विशेष न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि पुढे उच्च न्यायालयाने ते कायम केले. त्या काळात माझे पुरोगामी मित्र ‘एनआयएने पकडलेय म्हणजे काहीतरी असणारच’ असे म्हणत होते. तेच वाक्य आता दादा म्हणतो. सगळ्यांनी वापरला म्हणून कायदा चांगला ठरतो, की सगळ्यांचा हात त्याने भाजू शकतो हे सिद्ध होते?

प्रबीर पुरकायस्थ यांचे उदाहरण मला यात सर्वांत बोलके वाटते. १९७५च्या सप्टेंबरात, आणीबाणीत, ते जेएनयूत शिकत असताना आवारातून उचलले गेले आणि मिसाखाली वर्षभर आत होते. २०२३ साली संपादक म्हणून ते पुन्हा उचलले गेले, या वेळी यूएपीए. १५ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अटक बेकायदा ठरवली, कारण अटकेची कारणे लेखी दिली नव्हती. एवढी साधी गोष्ट. आणि तीही नवी नाही. १९५५ साली गोव्यात सत्याग्रह करून पोर्तुगिजांकडून १२ वर्षांची शिक्षा ऐकलेले मधू लिमये पुढे स्वतंत्र भारतातही तुरुंगात गेले, आणि १९६८च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले ते अटकेची कारणे सांगितली नव्हती म्हणूनच. पकडताना कारण सांगा, एवढे सरकारकडून करून घ्यायला ज्या देशाला दोन पिढ्या लागल्या, त्या देशात पोलिसांच्या कागदावर ‘प्रथमदर्शनी’ विश्वास ठेवायचा?

मग करायचे काय? यूएपीए उद्या रद्द होणार नाही, आणि सीमेपलीकडून माणसे पाठवली जातात तोवर असा काही कायदा लागेल, हे मला मान्य आहे. स्फोटक, हत्यार, बंदी असलेल्या संघटनेचे प्रत्यक्ष काम, परदेशी पैशाचा ठोस माग, यांतले काहीच आरोपपत्रात नसेल तर ४३-ड चे पाचवे पोटकलम लागू नये, एवढी दुरुस्ती झाली तरी बहुतेक विद्यार्थ्यांचे प्रश्न साध्या न्यायालयात सुटतील. जिथे ते लागू होईल तिथे ठरावीक मुदतीत साक्षीपुरावा सुरू झाला नाही तर जामीन आपोआप मिळावा. २०२१च्या नजीब निकालाने उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना दीर्घ कोठडीच्या कारणावरून जामीन देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. पण ज्याच्या घरचे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचू शकतात त्याच्यासाठीच ती वाट.

उलट घडतेय ते असे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ११३ आले आहे: दहशतवादी कृत्य. व्याख्या जवळजवळ यूएपीएचीच, फक्त आता ती रोजच्या फौजदारी कायद्याच्या पुस्तकात, चोरी आणि मारामारीच्या शेजारी. गुन्हा या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली, हे पोलीस अधीक्षक किंवा त्याच्यावरचा अधिकारी ठरवणार. १९७९ साली दादाला पकडून आणले तेव्हा त्या फौजदाराच्या टेबलावर बेकायदा जमाव, दंगा, नुकसान अशी तीन-चार कलमे होती. आई डबा घेऊन दारात उभी होती तेव्हा तो त्यांतूनच एखादे निवडत असणार.